भावाची तार कोणाच्या हाती?

शेअर बाजाराचा विषय निघाला की समाजवादी कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. सट्टा तो सट्टाच. त्यात हरणाऱ्याबद्दल हळहळ कशाला आणि जिंकणाऱ्याबद्दल कुतूहल तरी कशाला, अशी आपल्याकडील सर्वसाधारण भूमिका असते. ही भूमिका नैतिकदृष्ट्या स्वच्छ आहे. राजकीयदृष्ट्या मात्र ती आता अपुरी पडू लागली आहे. सट्ट्याची पेढी एके काळी मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर होती आणि तेथवर जाण्याची ऐपत असणारेच तेथे जात. आज ती पेढी वडगाव, कामशेत, तळेगाव आणि लोणावळा येथील घरांत संगणकाच्या पडद्यावर येऊन बसली आहे. आणि पडद्यासमोर बसलेला तरुण हा शेटजींचा मुलगा नसून शेतकऱ्याचा, कामगाराचा, रेल्वेतील वा कारखान्यातील नोकरदाराचा मुलगा आहे. त्याच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याच माणसांकडे पाठ फिरवणे होय.

हा तरुण कानावर आलेल्या टीपवर पैसे लावणारा भाबडा माणूस असतो, असेही मानण्याचे कारण नाही. तो बहुधा अभियांत्रिकीचा पदवीधर वा पदविकाधारक असतो. अॅमीब्रोकर किंवा मेटाट्रेडर यांसारखे आलेख काढणारे व सौद्याचे संकेत देणारे सॉफ्टवेअर तो शिकून घेतो. अशा सॉफ्टवेअरला स्वतःचे डोळे नसतात. बाजारात क्षणोक्षणी होणाऱ्या सौद्यांचे भाव त्याला बाहेरून अखंड पुरवावे लागतात. या पुरवठ्याला ‘लाइव्ह डेटा फीड’ म्हणतात. परवानाधारक विक्रेत्याकडून असे फीड घ्यायचे तर दरमहा भाडे मोजावे लागते. ते टाळण्यासाठी हा तरुण आपल्या ब्रोकरने खुल्या केलेल्या ‘एपीआय’ नामक मार्गाने भाव खेचून घेतो, ते एका मिनिटाच्या किंवा पाच मिनिटांच्या मापात बसवतो, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ओतणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहितो. रात्र रात्र जागून केलेली ही जुळणी चालू लागली, पडद्यावर हिरव्या-तांबड्या मेणबत्त्या हलू लागल्या, की बाजाराची नाडी हाती आल्याचा त्याला आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. यंत्र समजून घेऊन ते वाकवण्याची ही बुद्धी आदरास पात्र आहे. प्रश्न एवढाच आहे की, त्याने जोडलेल्या तारेतून त्याच्या हाती नेमके काय येते?

याचे उत्तर तांत्रिक आहे. पण ते समजून घेतल्याखेरीज त्यातील राजकारण समजणार नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मध्यवर्ती यंत्रातून प्रत्येक मागणी, प्रत्येक माघार आणि प्रत्येक सौदा यांची नोंद सलग बाहेर पडते. या संपूर्ण प्रवाहाला ‘टिक-बाय-टिक’ म्हणतात. तो ज्याला मिळतो त्याला कोणत्या भावाला किती माल मागितला जात आहे आणि रांगेत पुढे कोण किती आहे, याचे समग्र चित्र दिसते. ब्रोकरच्या एपीआयमधून मिळते ती या प्रवाहाची गाळीव आवृत्ती. सेकंदाला एखाद-दोन वा काही थोडी छायाचित्रे काढावीत, त्याप्रमाणे भावाची क्षणचित्रे त्यातून येतात. दोन क्षणचित्रांच्या मधल्या काळात झालेले शेकडो सौदे त्यात दिसत नाहीत. म्हणून एकाच मिनिटाचा उच्चांक आणि नीचांक दोन वेगवेगळ्या फीडवर वेगवेगळा दिसू शकतो. जुन्या, साफसूफ केलेल्या आकड्यांवर जी युक्ती हमखास नफ्याची ठरली होती, ती थेट बाजारात उतरताच तोट्यात का जाते, याचे एक कारण येथे आहे. युक्ती तपासली गेली एका आकड्यांवर आणि चालवली गेली दुसऱ्याच आकड्यांवर.

आता वेगाचा विचार करू. काचतंतूतून संदेशाला एक किलोमीटर जाण्यास साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात; म्हणजे मुंबईहून लोणावळ्यास पोहोचण्यास अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. घाटाची चढण संदेशाला अडवत नाही. त्याला अडवतात ते वाटेवरचे थांबे: ब्रोकरचा संगणक, भाड्याचा सर्व्हर, मोबाईल कंपनीचा मनोरा, घरातले वायफाय आणि शेवटी त्या तरुणाचा स्वतःचा प्रोग्रॅम. या सर्वांतून उतरत उतरत भाव त्याच्यापर्यंत येतो तेव्हा सेकंदाचा दखलपात्र अंश निघून गेलेला असतो. याउलट बाजाराच्या यंत्राशेजारीच, त्याच इमारतीत, भाड्याच्या कपाटात ज्यांचे संगणक बसवलेले आहेत, त्यांच्यापर्यंत तो काही मायक्रोसेकंदांत पोहोचतो. या सोयीला ‘को-लोकेशन’ म्हणतात. तेव्हा लोणावळ्याचा तरुण ज्याला ‘आत्ताचा भाव’ म्हणतो, तो खरे पाहता इतरांनी पाहून, वापरून सोडलेला भाव असतो. अंतर किलोमीटरचे नाही, ऐपतीचे आहे.

भाव आधी कोणाला कळतो यावर संपत्ती उभी राहते, हे मुंबईला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाला सोन्याचे मोल आले. त्या वेळी प्रेमचंद रायचंद हे बंदराबाहेरील जहाजांकडे आपले मचवे धाडून लिव्हरपूलच्या भावाची बातमी इतरांच्या आधी हस्तगत करीत, असे सांगितले जाते. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. तो घडवताना पटकी आणि अपघात यांनी हजारो मजूर मेले. खंडाळ्याच्या कड्यांत सुरुंग भरणारा मजूर मेला आणि पाठोपाठ खाली मुंबईत शेअरांचे वेड टिपेला पोहोचले. १ जुलै १८६५ रोजी वायद्याच्या सौद्यांचा हिशेब देण्याची वेळ आली आणि तो डोलारा कोसळला. पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. श्रम घाटात, बातमी बंदरात आणि नफा पेढीवर, ही विभागणी तेव्हाच पक्की झाली होती.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होता भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत असे आणि त्या आकड्यांवर गिरणगावात पैसे लागत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे बंद झाले. जुगार मात्र बंद झाला नाही. कल्याण भगत आणि पुढे रतन खत्री यांनी पत्त्यांतून आकडा काढण्याची रीत सुरू केली आणि ‘मटका’ घरोघर पोहोचला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द गिरणी कामगाराच्या तोंडी बसले, त्यामागे सातासमुद्रापलीकडून येणारी एक भावाची तार होती. कामगाराला वाटे की आकड्यात काही गणित आहे, ते सुटले की नशीब उघडेल. वह्याच्या वह्या आकडेमोडीने भरत. पगार मात्र आकडा घेणाऱ्याकडे जाई. आजच्या तरुणाची वही पुष्कळ अधिक शास्त्रीय आहे, आणि कंपनीच्या भांडवलाचा बाजार व मटका एकच आहेत असेही म्हणता येणार नाही. तथापि दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या ऑप्शनवर दोन-चार मिनिटांसाठी पैसे लावण्याच्या व्यवहारात उत्पादनाला भांडवल पुरवण्याचा अंश किती उरतो, हे बाजाराच्या समर्थकांनीच सांगावे.

राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० च्या सुमारास को-लोकेशनची सोय सुरू केली. त्या वेळी टिक-बाय-टिक प्रवाह एकापाठोपाठ एक अशा क्रमाने ग्राहकांना पाठवला जाई. साहजिकच जो सर्व्हरशी आधी जोडला गेला त्याला भाव आधी मिळे. २०१५ साली एका जागल्याच्या पत्राच्या आधारे ‘मनीलाइफ’ने हे प्रकरण उजेडात आणले. बाजाराने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने बाजाराचीच मागणी फेटाळून त्याला ५० लाख रुपयांचा भुर्दंड बसवला. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने राष्ट्रीय शेअर बाजाराला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून दक्षतेतील कसुरीबद्दल १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, संगनमत सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असे म्हणून सेबीने कारवाई गुंडाळली. कोण दोषी आणि कोण निर्दोष हा न्यायालयीन प्रश्न झाला. सामाजिक प्रश्न त्याहून मोठा आहे. सर्व काही नियमानुसार चालले असते, तरी कपाट भाड्याने घेऊ शकणारा आणि घेऊ न शकणारा यांच्यातील दरी कायद्याला मान्यच होती.

एप्रिल २०१८ मध्ये सेबीने एक पाऊल पुढे टाकले. टिक-बाय-टिक प्रवाह सर्व दलाल-सदस्यांना विनामूल्य द्यावा, असे परिपत्रक निघाले. त्याच वाक्यात अट होती: तो घेण्यासाठी व पचवण्यासाठी लागणारी यंत्रणा सदस्याने स्वतः उभारावी. नदीचे पाणी सर्वांना फुकट, मात्र पंप आणि पाइप ज्याचा त्याने आणावा, अशा न्यायाचा हा नमुना होय. ज्यांच्याकडे पंप होता त्यांनी पाणी उपसले. आणि हा विनामूल्य प्रवाहसुद्धा दलालापर्यंतच. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत तो उतरलाच नाही.

परिणाम सेबीच्याच आकड्यांत नोंदलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हे पैसे हवेत विरले नाहीत. २०२३-२४ या एका वर्षात, खर्च वजा करण्यापूर्वी, स्वतःच्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परकीय गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये मिळवले. त्यांच्या नफ्यातील ९६-९७ टक्के हिस्सा स्वयंचलित, संगणकीय सौद्यांतून आला. हरणाऱ्यांपैकी कोण होते? त्या वर्षी या बाजारात उतरलेल्या व्यक्तींपैकी तीनचतुर्थांश लोकांचे घोषित वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी होते आणि ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. पुढे नियम कडक झाले, तरी २०२४-२५ मध्ये व्यक्तींचा निव्वळ तोटा पुन्हा एक लाख कोटींच्या वर गेला. कमी उत्पन्नाच्या तरुणांकडून यंत्रसंपन्न भांडवलाकडे होणारे हे संपत्तीचे स्थलांतर आहे. आणि ते कोणत्याही कायद्याचा भंग न करता होत आहे.

मावळला ही रचना परकी वाटू नये. १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, ती वळवण, शिरवटा, लोणावळा येथे अडवलेल्या पाण्यावर. पाणी मावळचे, जमीन मावळच्या शेतकऱ्याची, वीज मुंबईची. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच हिशेबाविरुद्ध. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे शेतकरी उतरले आणि गोळीबारात तिघांनी प्राण गमावले. ज्याच्या अंगणातून स्रोत वाहतो त्याला त्यात वाटा नाही, हा या तालुक्याचा शतकभराचा अनुभव आहे. भावाचा प्रवाह हा नवा स्रोत आहे. तो कोण निर्माण करतो? खरेदी आणि विक्रीची प्रत्येक मागणी नोंदवणारा लहानमोठा प्रत्येक माणूस त्यात आपला थेंब टाकतो. कामशेतच्या तरुणाची शंभर रुपयांची मागणीही भावाच्या घडणीत सामील असते. असे लाखो थेंब गोळा करून बाजार-कंपनी त्यांची मालकी सांगते, त्यांची प्रत लावते, आणि उत्तम प्रत श्रीमंताला व गाळ गरिबाला विकते. भाव हे सामुदायिक उत्पादन आहे. त्याच्यावरील खासगी मालकी हा वेगाच्या आड लपलेला प्रश्न आहे.

या संदर्भात एक विसंगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. ऑप्शनचा भाव मायक्रोसेकंदात मोजणाऱ्या या देशात पवन मावळातील गुलाब-उत्पादकाला आपल्या फुलाचा भाव केव्हा कळतो? फेब्रुवारीत येथील हरितगृहांतील गुलाब युरोपला जातात, देशातील मोठ्या शहरांच्या फूलबाजारांतही जातात. हॉलंडमध्ये लिलावाच्या घड्याळाचा काटा खाली सरकत असताना दूर देशी बसलेला खरेदीदार बटण दाबून भाव पक्का करतो. फूल पिकवणाऱ्याच्या हाती मात्र व्यापाऱ्याचा फोन किंवा आडत्याची पट्टी येते, तीही माल विकून झाल्यावर. वडगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ मावळची ओळख बनला. तो खाचरातून निघतो तेव्हाचा भाव आणि शहरातील दुकानातील भाव यांच्यामधल्या पायऱ्या शेतकऱ्याला दिसत नाहीत. अॅगमार्कनेट बाजार समित्यांचे दिवसाचे भाव प्रसिद्ध करते. ते झाल्या दिवसाची नोंद असते. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ची घोषणा मोठ्या समारंभाने झाली, परंतु बांधावरच्या शेतकऱ्याने मोबाईल उघडून चालू लिलावाचा भाव पाहावा आणि गाडी कोणत्या बाजाराकडे वळवायची ते ठरवावे, ही स्थिती अद्याप सर्वत्र आलेली नाही. ज्या तरुणाला शेअरचे फीड सॉफ्टवेअरला जोडता येते त्याच्याच वडिलांना फुलांचा भाव कळत नाही. बुद्धीचा अभाव कोठेच नाही. बुद्धी कोणत्या तारेला जोडायची हे भांडवल ठरवते आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, या तरुणांना कोणी बळजबरी केलेली नाही. लोभाची फळे त्यांनी भोगावीत. लोभ असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु औद्योगिक पट्ट्यात राहूनही पदवीधराला कंत्राटी नोकरीच मिळते, भूसंपादनाचा मोबदला हाती येतो आणि शेत गेलेले असते, तेव्हा त्या पैशाचे काय करावे याचे एकच उत्तर त्याला चोवीस तास ऐकवले जाते: बाजारात या. टेलिग्रामवरील गुरू, यूट्यूबवरील नफ्याची छायाचित्रे, ‘रेडीमेड’ सिग्नल विकणारे अनधिकृत विक्रेते यांचा तो गिऱ्हाईक बनतो. रोजगाराचे दार बंद करून जुगाराचे दार उघडे ठेवायचे आणि मग आत जाणाऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. सट्टेबाजारात समान संधी मागणे म्हणजे दारूच्या गुत्त्यात शुद्ध दारू मागण्यासारखे आहे, असे काही सहकारी म्हणतात. हा आक्षेप गंभीर आहे. तरीही तो पुरता टिकत नाही. ऑगस्ट २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा एक हिस्सा शेअर बाजारात गुंतवला जातो. म्हणजे कधीही शेअर न घेतलेल्या कामगाराची म्हातारपणाची पुंजीही या भावाशी बांधली गेली आहे. ज्या संस्थेत कामगाराचा पैसा सक्तीने जातो, तिच्या नियमांकडे कामगार चळवळीने सोवळेपणाने पाठ फिरवून चालणार नाही.

मग मागायचे काय? वेगाची शर्यत निसर्गनियमाने आलेली नाही. ती नियमांनी घडली आहे आणि नियमांनी मोडता येते. ऑगस्ट २०१६ मध्ये सेबीनेच एक चर्चापत्र काढून ठरावीक अल्प अंतराने सर्व मागण्या एकत्र जुळवण्याचा, तसेच मागण्यांचा क्रम सोडतीने लावण्याचा पर्याय मांडला होता. असे झाले तर मायक्रोसेकंदाच्या कपाटाचे मोलच उरणार नाही. तो पर्याय बासनात गेला. तो बाहेर काढण्याची मागणी झाली पाहिजे. बाजाराचे संपूर्ण फीड, यंत्रणेच्या अटीविना, सार्वजनिक सेवा म्हणून सर्वांना एकाच प्रतीचे व एकाच वेळी मिळावे. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ ग्राहकाच्या स्वयंचलित सौद्यांवर नोंदणीचे व ओळखीचे बंधन घातले. लहानावर जेवढी नजर, तेवढीच मोठ्याच्या यंत्रावर हवी. आणि शेतमालाच्या प्रत्येक लिलावाचा भाव, लिलाव चालू असतानाच, खुल्या फीडने प्रसिद्ध करणे बाजार समित्यांवर बंधनकारक व्हावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. मावळातील कार्यकर्त्यांनी अशा तरुणांच्या बैठका घ्याव्यात. उपदेशाने सुरुवात करू नये. त्यांच्याच पडद्यावरून करावी. दोन वेगवेगळ्या फीडवरील एकाच मिनिटाचे आकडे शेजारी ठेवून दाखवावेत, तोटा आणि खर्च यांचा वर्षाचा हिशेब कागदावर मांडावयास लावावा, कर्ज काढून वा जमिनीचा मोबदला घालून चाललेला खेळ थांबवण्यास घरच्यांसह मदत करावी. तोट्याची लाज वाटून जो एकटा पडला आहे, त्याला हा आकडा सांगावा की शंभरातील ब्याण्णव जण त्याच्या सोबतीला आहेत. आणि ज्यांना तारा जोडण्याची विद्या अवगत आहे, त्यांच्यापुढे तालुक्यातील फूल-उत्पादकांसाठी व भातशेतकऱ्यांसाठी भावाचे सामाईक फीड उभारण्याचे काम ठेवावे. त्यासाठी लागणारे ज्ञान त्यांच्यापाशी आहेच. शेतकऱ्यांची संघटना आणि कार्यकर्त्यांचा वेळ तेवढा त्याला जोडून द्यावा लागेल. त्या कामाचा आरंभ येत्या हंगामातील पहिल्या गुलाबाच्या गाडीपासून करता येईल.